रानकोंबड्याचे पीस आणि रंगाचा एक ठिपका

१/
पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने दक्षिणेला निघाले की साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका समोर येतो. पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांपैकी एक, अशी त्याची ओळख इतिहासप्रेमींना असतेच. मात्र या रांगांतल्या जंगलात वावरणाऱ्या एका पक्ष्यालाही जागतिक इतिहास आहे. त्यात स्कॉटलंडच्या नद्या आहेत, लंडनची पिसांची बाजारपेठ आहे, लॉर्ड कर्झन यांचे सरकार आहे, अमेरिकेचा जकात कायदा आहे आणि शेवटी खांदा कॉलनीतल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी हस्तकलेच्या रंगाची एक बाटली आहे. आजचा धागा त्या पक्ष्याच्या एका पिसाचा. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
पक्षी आहे करडा रानकोंबडा. शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. फ्रेंच निसर्ग-अभ्यासक पिएर सोनेरा यांनी १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात याची नोंद केली. पुढे १८१३ मध्ये डच पक्षिशास्त्रज्ञ टेमिंक यांनी त्यांच्याच नावावरून या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण केले. हा पक्षी मूळचा केवळ भारताचा. सह्याद्री आणि दक्षिण-मध्य भारतातील जंगले हे त्याचे घर. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. परंतु कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवून दिले.

३/
या कथेचा विषय आहे नराच्या मानेवरची पिसे. ही पिसे अरुंद आणि गडद असतात. पिसाचा मधला दांडा टोकाकडे रुंद व चपटा होत जातो आणि तिथे शिंगासारखी कठीण, चकचकीत पट्टी तयार होते. त्यावर आधी एक पांढरट ठिपका, मग टोकाशी पिवळसर केशरी ठिपका. पाहणाऱ्याला वाटावे, कोणी काळ्या पिसावर वितळलेल्या लाखेचे थेंब सोडले आहेत. हा चकचकीतपणा पाण्यात भिजूनही जात नाही. नेमक्या याच गुणामुळे हे पीस सातासमुद्रापार गेले.

४/
तिकडे जाण्यापूर्वी एक संज्ञा समजून घेऊ. कोकणात गरीला आमिष लावून मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. आमिष म्हणजे गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी. युरोपात मात्र एक निराळी रीत रुळली. गळावर खरे आमिष न लावता दोरा, लोकर, केस आणि पिसे बांधून कीटकाचा किंवा छोट्या माशाचा आभास निर्माण करायचा. या कृत्रिम आमिषाला ‘फ्लाय’, म्हणजे माशी, म्हणतात आणि ती बांधण्याच्या हस्तकलेला ‘फ्लाय टाइंग’. साधन छोटे: एक गळ, तो घट्ट धरणारा शिकंजा, रेशमी दोरा आणि पिसे. पण एकोणिसाव्या शतकात या छोट्या कलेने मोठी हाव धरली.

५/
ब्रिटनमधील सामन माशाच्या नद्या प्रामुख्याने जमीनदारांच्या ताब्यात होत्या. तिथे गळ टाकणे हा प्रतिष्ठेचा खेळ होता. साम्राज्य पसरत गेले तसे जगभरचे पक्षी लंडनच्या गोदामांत येऊ लागले आणि सामनसाठी बांधल्या जाणाऱ्या माश्या अधिकाधिक रंगीत झाल्या. ट्वीड नदीवर लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या सेवेत असलेल्या जॉक स्कॉट या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधलेली माशी त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या एकेका नगात अनेक जातींच्या पक्ष्यांची पिसे लागत, आणि दोन्ही बाजूंना रानकोंबड्याचे एकेक ठिपकेदार पीस.

६/
१८९५ मध्ये जॉर्ज केल्सन यांचा ‘द सामन फ्लाय’ हा ग्रंथ आला. शेकडो माश्यांच्या कृती त्यात आहेत. कोणत्या जागी कोणते पीस बसवायचे, याचे नियम एखाद्या शास्त्रासारखे सांगितले आहेत. टूकन, कोटिंगा, सोनेरी फेझंट, माळढोक वर्गातले पक्षी, मोर आणि पुन्हा पुन्हा येणारा रानकोंबडा. याच यादीत ‘इंडियन क्रो’ नावाचे एक केशरी-तांबडे पीस येते. नावात भारत असला तरी तो पक्षी दक्षिण अमेरिकेचा आहे! रानकोंबडा मात्र अस्सल भारतीय. व्यापारात त्याला ‘जंगल कॉक’ म्हणत.

७/
या पिसाचे काम काय? माशीच्या डोक्याजवळ दोन्ही बाजूंना ते बसवले की त्यावरचा ठिपका छोट्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. शिकारी मासा भक्ष्याच्या डोळ्याच्या रोखाने झडप घालतो, अशी गळ टाकणाऱ्यांची जुनी समजूत आहे. म्हणून हा ‘डोळा’ हवा. शिवाय तो पाण्यात चकाकतो आणि भिजल्यावर इतर पिसांसारखा मलूल होत नाही. म्हणजे हे पीस निसर्गानेच रंगवून, वॉर्निश लावून पाठवलेले होते. पुढे जे घडले त्याचे बीज याच वर्णनात आहे.

८/
आणखी एक वस्तुस्थिती लक्षात ठेवण्याजोगी आहे. अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत शिरलेला सामन जवळजवळ काहीच खात नाही. मग तो माशीवर झडप का घालतो, यावर आजही मतभेद आहेत: राग, सवय की कुतूहल? खाण्याचाच प्रश्न नसेल तर एवढ्या पक्ष्यांच्या पिसांचा हट्ट कोणासाठी होता? उत्तर उघड आहे. ती सजावट माशापेक्षा माणसाच्या डोळ्यांसाठी होती. दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या माशीने आधी गिऱ्हाईक गळाला लागे, मासा नंतर.

९/
या सजावटीची किंमत पक्ष्याने मोजली. एका माशीला किमान दोन पिसे लागत, आणि तीही एकाच मापाची व निर्दोष. पावसाळ्यात नराची मानेवरची ही झळाळी गळून पडते आणि काही काळ त्याची मान साधी, काळपट दिसते. त्यामुळे जंगलात विखुरलेली पिसे वेचून व्यापार उभा राहणे शक्य नव्हते. बाजाराला मानेचे सबंध कातडे हवे होते, कारण त्यावर लहान-मोठी सर्व मापे क्रमाने मिळतात. कातडे हवे म्हणजे पक्षी मारणे आले. फासे लावणाऱ्याला दमडी मिळे. लंडनमध्ये त्याच मालाला भाव येई.

१०/
भारतात आलेले इंग्रज अधिकारीही गळ टाकण्याचे शौकीन होते. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ चे. महाशीर माशाच्या मागे लागलेल्या पिढ्यांनी ते वाचले. दुसरीकडे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांना आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो, हे त्या काळातील भारतीय पक्ष्यांचे सर्वांत मोठे संग्राहक होते. त्यांनी १८८५ मध्ये, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेच्याच वर्षी, आपला हजारो नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. तो संग्रह या धाग्यात पुन्हा भेटेल.

११/
माशीपेक्षा कितीतरी मोठा संहार टोप्यांसाठी चालला होता. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे, स्वर्गीय पक्ष्यांची पिसे, कधी सबंध पक्षी मिरवत. लंडनमध्ये पिसांचे नियमित लिलाव होत. या प्रकाराविरुद्ध पहिला संघटित आवाज उठवला तो स्त्रियांनीच. १८८९ मध्ये एमिली विल्यमसन यांनी इंग्लंडमध्ये पक्षिसंरक्षणासाठी संस्था सुरू केली. एटा लेमन आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया तिला येऊन मिळाल्या. १९०४ मध्ये तिला राजसनद मिळाली. आज आरएसपीबी या नावाने ती ओळखली जाते.

१२/
भारतात कायद्याची सुरुवात १८८७ मध्ये झाली. त्या वर्षीच्या वन्य पक्षी संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात नगरपालिका आणि लष्करी छावण्यांच्या हद्दीत मारलेल्या पक्ष्यांच्या विक्रीवर निर्बंध आणले. जंगलात काय चालते, ते या कायद्याच्या आवाक्याबाहेर होते. खरा घाव बसला १९०२ मध्ये. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना भारत सरकारने सागरी जकात कायद्याखाली वन्य पक्ष्यांची कातडी आणि पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. शास्त्रीय अभ्यासाचे नमुने आणि शहामृगाची पिसे यांना सूट होती. पक्षी पिकांवरची कीड खातात, त्यांचा संहार म्हणजे शेतीचा तोटा, हा युक्तिवाद तेव्हा प्रभावी ठरत होता.

१३/
१९१२ मध्ये अधिक व्यापक कायदा आला. वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायदा. त्याच्या अनुसूचीत माळढोक, बदके, तित्तर, मोर, बगळे, नीलपंख, खंड्या यांच्यासोबत रानकोंबडाही नावानिशी होता. प्रांतिक सरकारांना शिकारीसाठी बंद हंगाम ठरवण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या १२ वर्षांतच आपल्या रानकोंबड्याला निर्यातीच्या आणि शिकारीच्या अशा दोन्ही बाजूंनी कागदोपत्री संरक्षण मिळाले. प्रश्न कागदाचा नव्हताच.

१४/
ब्रिटनने आपली बाजू १९२१ मध्ये बंद केली. पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा संसदेत मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. मात्र त्यात मोठी फट होती. आयात गुन्हा ठरली, पण जवळ बाळगणे किंवा विकणे गुन्हा नव्हता. गोदामात आधीच पडलेला माल कितीही वर्षे विकता येत होता. आणि नवा माल जुना म्हणून खपवणे कितीसे अवघड? पिसे वजनाला हलकी, घडी घालता येण्याजोगी, लपवायला सोपी. दुसऱ्याच मालाच्या नावाखाली ती बंदरांतून निसटत राहिली.

१५/
अमेरिकेची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९१३ च्या जकात कायद्याने तिथे वन्य पक्ष्यांच्या पिसांची व्यापारी आयात बंद झाली. परंतु माशी बांधणाऱ्यांची मागणी थांबेना. अखेर १९५० च्या दशकात कायद्यातच सवलत ठेवावी लागली: गळाच्या माश्या बनवण्यासाठी वर्षाला करड्या रानकोंबड्याची ५,००० पर्यंत आणि मँडरिन बदकाची १,००० पर्यंत कातडी आणता येतील. कल्पना करा, सह्याद्रीतल्या एका पक्ष्याचे नाव वॉशिंग्टनच्या जकातीच्या तक्त्यात, कोट्यासह! मागणी किती चिवट असते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

१६/
येथे थोडे थांबून तुलना करू. टोप्यांचा व्यापार मात्र याच काळात कोसळला होता. कायदा होताच, पण त्यासोबत फॅशन बदलली. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रियांनी केस आखूड कापले, डोक्याला घट्ट बसणाऱ्या छोट्या टोप्या आल्या आणि अवाढव्य तुऱ्यांना जागाच उरली नाही. हाव दुसरीकडे वळली आणि बंदी यशस्वी झाली. माशी बांधणाऱ्यांच्या बाबतीत ग्रंथ तेच, नियम तेच, आणि त्या नियमांत ‘रानकोंबडा’ हा शब्द पक्का. तिथे हाव वळायला दुसरी वाट नव्हती.

१७/
उलट मागणीला नवे निमित्तही मिळाले. अमेरिकेतील मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स नावाच्या बाई राहत. टोप्या बनवण्याच्या कामात त्यांचा हात बसलेला होता. १ जुलै १९२४ रोजी त्यांनी स्वतः बांधलेल्या माशीवर सुमारे ३ किलोचा ट्राउट मासा धरला. एका मासिकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. त्यांची ‘ग्रे घोस्ट’ ही माशी पुढे जगप्रसिद्ध झाली. तिच्या गालाशी काय होते? रानकोंबड्याची दोन पिसे. आता ही गरज मूठभर जमीनदारांची उरली नव्हती. ती सामान्य हौशी मासेमारांची झाली होती.

१८/
निर्णायक वळण आले १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. स्वतंत्र भारताने रानकोंबड्याच्या पिसांची निर्यात बंद केली. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, कर्नाळा पक्षी अभयारण्य जाहीर झाले. आज खांदा कॉलनी जिथे उभी आहे त्या परिसराचे नियोजन करणारी सिडको १९७० ची. म्हणजे आपल्या वसाहतीआधी पक्ष्यांच्या वसाहतीला सरकारी शिक्का मिळाला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि रानातल्या पक्ष्याला मारणे, त्याच्या अवयवांचा व्यापार करणे या गोष्टी देशभर गुन्ह्याच्या कक्षेत आल्या.

१९/
परदेशातील माशी बांधणाऱ्यांपुढे तीन वाटा उरल्या. पहिली, जुना साठा: जपून वापरायचा, महाग विकायचा. दुसरी, पैदास: बंदीपूर्वी परदेशात गेलेल्या पक्ष्यांच्या वंशातून ब्रिटनमध्ये काहींनी रानकोंबडे पाळून वाढवले आणि त्यांची पिसे कायदेशीरपणे विकली. पण ती महाग आणि थोडी. तिसरी वाट सर्वांत साधी होती. निसर्ग जो ठिपका पिसावर लाखेसारखा उमटवतो, तो आपणच रंगाने उमटवायचा.

२०/
कृती थोडक्यात अशी. पाळीव कोंबडीचे एखादे काळे, बारीक पीस घ्यायचे. कात्रीने त्याला गोलसर टोक द्यायचे आणि पातळ वॉर्निश लावून ताठ करायचे. वाळल्यावर टाचणीचे डोके दाट पांढऱ्या किंवा सायीच्या रंगात बुडवून लांबट ठिपका टेकवायचा. तो पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली तर पुढचा रंग त्यात मिसळतो. मग टोकाशी पिवळ्या-केशरी रंगाचा दुसरा, छोटा ठिपका. शेवटी वरून पारदर्शक लेप. पाच मिनिटांचे काम, बाकी वाळवण्याची प्रतीक्षा. एका बाटलीत शेकडो ‘डोळे’.

२१/
हे सुचायला विसावे शतकच का उजाडावे लागले? कारण रंगांचाही इतिहास आहे. तेलरंग सावकाश वाळतात, जलरंग पाण्यात विरघळतात. दोन्ही गळावर निरुपयोगी. दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटारगाड्यांसाठी झटपट वाळणारी सेल्युलोज लॅकर आली; नेलपॉलिश हे त्यांचेच भावंड. त्यानंतर एनॅमलच्या छोट्या डब्या. १९५० च्या दशकात अमेरिकेत कलावंतांसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले. ओले असताना पाण्याने धुता येणारे, वाळले की पाण्याला दाद न देणारे आणि लवचिक. हस्तकलेच्या दुकानातली आजची ‘क्राफ्ट पेंट’ची बाटली म्हणजे बहुधा हाच रंग.

२२/
महाराष्ट्राला रंगांच्या या बाजारपेठेचे अप्रूप नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेला उद्योग पुढे कॅम्लिन म्हणून घराघरांत पोहोचला. शाळेच्या दप्तरातल्या रंगपेटीने कित्येक पिढ्यांना रंगांची पहिली ओळख करून दिली. त्याच कंपनीचा एक कारखाना आज आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. इतिहासाची गंमत पाहा: ज्या जिल्ह्याच्या जंगलात मूळ ठिपका जन्मतो, त्याच जिल्ह्यात त्या ठिपक्याचा पर्याय ठरू शकणारे रंगही तयार होतात.

२३/
पण माशाने हा पर्याय स्वीकारला का? रंगवलेला डोळा ही पूर्वीपासूनची युक्ती होती. लाकडी आमिषांवर आणि केसांच्या माश्यांवर ती वापरली जाई. १९६० च्या दशकात कीथ फुल्शर या अमेरिकी हौशी मासेमाराने ‘थंडर क्रीक’ नावाची माश्यांची मालिका विकसित केली. हरणाचे केस मागे वळवून बांधायचे, लॅकरने डोके तुळतुळीत करायचे आणि त्यावर रंगाचा डोळा काढायचा, बाहुलीसकट. रानकोंबडा मुळीच नाही. मासे त्यावर झडप घालत राहिले. शतकभर ज्या पिसाशिवाय चालणार नाही असे ग्रंथ सांगत होते, त्यावाचून माशाचे काही अडले नाही.

२४/
अडले ते काही माणसांचे. व्हिक्टोरियन काळातल्या माश्या जशाच्या तशा, अस्सल पिसांनी बांधण्याचा एक पंथ आजही आहे. त्यातले अनेक जण कधी गळही टाकत नाहीत. जून २००९ मध्ये याच छंदाने झपाटलेल्या, लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका तरुण बासरीवादकाने इंग्लंडमधील ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची खिडकी फोडून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. आधी उल्लेख आलेल्या ‘इंडियन क्रो’ची, तशीच आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमवलेल्या स्वर्गीय पक्ष्यांची. ह्यूम यांचा भारतीय पक्ष्यांचा संग्रहही याच संग्रहालयात आहे.

२५/
चोर सापडला, न्यायालयात दोषी ठरला. पण अखंड परत मिळाली ती १७४ कातडी, आणि त्यांपैकी मूळ चिठ्ठी शाबूत असलेली केवळ १०२. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दुसऱ्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे. पक्षी कुठे, कधी, कोणी टिपला हे चिठ्ठी सांगते. चिठ्ठी गेली की नमुन्याचा संशोधनासाठीचा अर्थ जवळजवळ संपतो. हे जवळपास दप्तरखान्यातल्या कागदावरची तारीख फाडून टाकण्यासारखे आहे. आणि हे कशासाठी? ज्या पिसांची जागा रंगवलेल्या पिसाने केव्हाच घेतली असती, त्यांच्यासाठी.

२६/
या सगळ्यातून काय निष्पन्न होते? १८८७, १९०२, १९१२, १९१३, १९२१: पाच वेळा तीन देशांत कायदे झाले, तरी पिसांचा ओघ सुरू राहिला, कारण ज्याला ते पीस हवे होते त्याच्या हाती दुसरे काही नव्हते. १९६० च्या दशकाअखेर बंदी आली तेव्हा पाळीव पैदास, कृत्रिम साहित्य आणि रंग हे पर्याय तयार होते. बंदीने दार लावले; पर्यायाने ते लावलेले राहू दिले. दोहोंपैकी एक जरी नसते तरी काम अर्धवट राहिले असते. कायद्यावाचून पर्यायाची गरज कोणाला वाटली नसती आणि पर्यायावाचून कायदा बंदरात अडकून पडला असता. पर्यावरणाच्या इतिहासात हस्तिदंत, कासवाची पाठ, व्हेलचे तेल यांच्या कथा वाचताना ही कसोटी लावून पाहा.

२७/
आता वर्तमानाकडे. करडा रानकोंबडा आज आययूसीएनच्या यादीत ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे. ही समाधानाची गोष्ट आहे, निश्चिंतीची नव्हे. जंगलांचे तुकडे पडत आहेत आणि मांसासाठी फासे अजूनही लागतात. दुसरीकडे गळ, शिकंजा, दोरा हे साहित्य घरबसल्या मागवता येऊ लागल्याने आपल्याकडेही काही तरुण माश्या बांधू लागले आहेत. परदेशी चित्रफितींतून कृती शिकताना साहित्याच्या यादीत ‘जंगल कॉक’ हे नाव भेटतेच. ते बाहेरच्या देशात पाळीव पैदाशीचे असू शकते. आपल्या रानातला पक्षी मारून मिळवलेले पीस मात्र सरळ गुन्हा आहे. रानातून आणून दिलेली मान कोणी विकायला काढली, तर ती घेऊ नये आणि वनविभागाला कळवावे.

२८/
पुढच्या वेळी कर्नाळ्याला गेलात तर पहाटे जा. पाचोळ्यात नखांनी उकरण्याचा आवाज आणि गावठी कोंबड्याहून निराळी, तुटक बांग ऐकू आली तर पावले थांबवा. नशीब बलवत्तर असेल तर मानेवरचे ते ठिपके उन्हात चमकताना दिसतील. त्यांची जागा तीच आहे. गळावर डोळा हवा असेल तर त्यासाठी टाचणी आहे, कोंबडीचे साधे पीस आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली रंगाची बाटली आहे.

धागा समाप्त. आपल्या भागात रानकोंबड्याला कोणत्या नावाने ओळखतात, आणि जुन्या पिढीकडून पिसांच्या व्यापाराबद्दल काही ऐकले असल्यास, खाली अवश्य लिहावे. मौखिक इतिहास असाच जमा होतो.